रंग बसेपर्यंत

रविवार, १२ जानेवारी २०२५

ही डायरी आमच्या लेकीच्या, तनुजाच्या कंपनीची. तिला दरवर्षी मिळते आणि दरवर्षी ती मला आणून देते, कारण तिच्या पिढीत हाताने कोणी लिहीत नाही. आजवरच्या पाच डायऱ्यांत मी दूधवाल्याच्या खाड्यांपलीकडे काही लिहिलं नाही. यंदा लिहिण्यासारखं आहे. मी तैलचित्र काढणार आहे.

मी म्हणजे उत्तरेश्वर शिरसाट, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूमापक. स्वतःच्या डायरीत स्वतःची ओळख कशाला, असं माझी बायको शालन म्हणेल. पण नकाशावर मोजणी करणाऱ्याचं नाव लागतंच, त्याशिवाय तो ग्राह्य धरत नाहीत.

कारण असं झालं. आमच्या धायरीच्या फ्लॅटसमोर मुक्ताबाईंचं शेत होतं. २०११ साली सहाव्या मजल्यावरचा हा फ्लॅट घेताना मी शालनला छातीठोकपणे सांगितलं होतं, "समोरची जमीन मी स्वतः मोजलीय. शेती झोन आहे. पन्नास वर्षं इथे वीट लागत नाही." आज तिथे तिसरा स्लॅब पडला. चौदा मजले व्हायचे आहेत. शालन भांडली नाही. काँक्रीटच्या गाडीकडे बघत एवढंच म्हणाली, "पन्नास वर्षं किती पटकन गेली, नाही?"

गॅलरीतून सिंहगड दिसतो, टीव्हीच्या मनोऱ्यासकट. माझ्या अंदाजाने सातव्या स्लॅबला तो पूर्ण झाकला जाईल. शालन सकाळचा चहा तिथेच घेते, चौदा वर्षं, त्याच खुर्चीत. तिचं माहेर गडाच्या पायथ्याचं. सासूबाई, विमलाबाई, गडावरच्या हॉटेलांना सरपणाच्या मोळ्या पोचवायच्या, पायवाटेने, अनवाणी. शालन रोज बोट दाखवते, "ती बघा आईची वाट." मी रोज सांगतो की हवाई अंतर दहा किलोमीटर आहे, आणि एवढ्या लांबून दोन फुटी पायवाट दिसणं शक्य नाही. ती म्हणते, "तुम्हाला." आणि चहा पिते.

"फोटो काढून ठेवा ना बाबा, simple," तनुजा फोनवर म्हणाली. काढला. गड नखाएवढा आला, क्रेन मात्र सुरेख आली. म्हणून तैलचित्र. गड झाकायच्या आत पुरं करायचं आणि त्याच खुर्चीसमोर टांगायचं. दिलेला शब्द गेला, निदान चित्र तरी द्यावं.

गुरुवार, १६ जानेवारी

शनिवार पेठेत अभय गद्रे सरांचा वर्ग लावला. दर गुरुवारी, तीन ते पाच. सर चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि शब्द रेशनवर मिळाल्यासारखे वापरतात.

"काय काढायचंय?"

"सिंहगड."

"किती दिवसांत?"

"चार स्लॅबमध्ये," मी म्हणालो आणि परिस्थिती सांगितली.

सर म्हणाले, "बिल्डरशी शर्यत लावायची तर पोस्टर कलर घ्या. तेलरंग थांबणाऱ्यांसाठी असतो."

नियम लिहून घेतले. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, लवकर वाळणारा. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्यायचं. उलटं केलं तर वरचा आधी वाळतो, खालचा मागाहून हलतो आणि चित्राला तडे जातात. "संसारातही असंच," सर म्हणाले. त्यांचं लग्न झालेलं नाही, हे वर्गात शेजारी बसणाऱ्या बाईंनी नंतर सांगितलं.

सगळ्यात महत्त्वाचं मी दोनदा अधोरेखित केलं आहे: तेलरंग लावला म्हणजे संपत नाही. तो बसतो. काही रंग खाली जातात, काही वर येतात. म्हणून चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, काही दिवसांनी परक्याचं असल्यासारखं बघायचं. सर आठवडा म्हणाले. मला तेवढा वेळ नाही. मी गुरुवारी दुपारी भिंतीकडे फिरवीन आणि रविवारी सकाळी सरळ करीन.

मंगळवार, २१ जानेवारी

कॅनव्हासवर एकेक इंचाचे चौकोन आखले. गडाची उंची, मनोऱ्याची जागा, उजवीकडच्या डोंगराचा उतार, सगळं मोजून उतरवलं. पिवळ्या मातीच्या रंगाचा पातळ हात दिला. मग डोंगर निळा रंगवला, कारण लांबचे डोंगर निळे दिसतात असं पुस्तकात आहे.

शालन चहा घेऊन मागे उभी राहिली. म्हणाली, "निळा नाहीये हो. सकाळी जांभळाचा रस दुधात सांडल्यासारखा असतो. आणि पायथ्याशी फिका, वर गडद."

मी म्हटलं, "चित्रकला शिकतोय कोण, मी की तू?"

ती हसली आणि आत गेली. त्यानंतर काही बोलली नाही. बरं झालं. एकाग्रता लागते.

तनुजाला फोनवर सांगितलं तर तिचं भलतंच. "बाबा, आईला विचारा ना! तिला इंटरमिजिएटला ए ग्रेड होती, she was seriously good." ड्रॉइंगच्या त्या परीक्षा शाळेत सगळेच देतात. फुलदाणी काढणं वेगळं, गड काढणं वेगळं.

गुरुवार, २३ जानेवारी

निघताना शालन म्हणाली, "ती टर्पेंटाइनची बाटली जरा उघडून ठेवून जा."

"कशाला?"

"वासाने झुरळं पळतात."

तिच्या अंगठ्याचा सांधा दुखतो, झाकणं उघडत नाहीत. घरातल्या सगळ्या बरण्या माझ्याच हातून उघडतात. उघडून दिली. झुरळं आपल्याकडे नाहीत असं मला वाटत होतं.

शिवाय मंडईची यादी दिली. पावटा, ओली हळद, आंबट चुका, वालपापडी आणि कोनफळ. म्हटलं, हे सगळं धायरीत मिळतं. तर म्हणे, मंडईतलं ताजं असतं. कोनफळ शोधण्यात पाऊण तास गेला. घरी आलो तर सात वाजले होते.

रविवार, २६ जानेवारी

चित्र सरळ केलं आणि बघतच राहिलो. सर म्हणाले ते शब्दशः खरं आहे. रंग बसतो!

गुरुवारी मी ठेवलं तेव्हा डोंगर शाईच्या डागासारखा निळा होता. आज तो निळाही नाही, जांभळाही नाही, मधलाच काहीतरी आहे. पायथ्याशी फिका पडून धुक्यात विरला आहे. आभाळातही खालच्या अंगाला थोडी केशरी छटा वर आली आहे. ती माझ्या पिवळ्या मातीच्या थरातून आली असणार. मी मोठ्या आनंदाने शालनला बोलावून दाखवलं.

"बघ, तेलाचा गुण!"

तिने बराच वेळ बघितलं. "जवसाचं तेल चांगलंच असतं," म्हणाली. "गुडघ्यांनाही."

तिच्या मनगटाला जांभळा डाग होता. विचारलं तर म्हणाली, कोनफळ सोललं. कोनफळ मात्र टोपलीत तसंच दिसलं. बहुधा दोन आणली होती.

समोर चौथा स्लॅब झाला. झेंडावंदन करून कामगार पुन्हा कामाला लागले.

गुरुवार, ३० जानेवारी

सर म्हणाले, डोळे बारीक करून बघायला शिका, म्हणजे तपशील जातात आणि रंगांचे मोठे भाग उरतात. मला जमत नाही. पस्तीस वर्षं दुर्बिणीतून हद्दीचे दगड शोधले आहेत. मी डोळे बारीक केले तरी खिडक्या मोजतो.

घरी येऊन शालनला सांगितलं. ती म्हणाली, "मला मोतीबिंदूमुळे सगळं तसंच दिसतं. फी न भरता."

रविवार, ९ फेब्रुवारी

काल पाचवा स्लॅब. गडाचा पायथा गेला. शालनचं गाव गेलं, असं म्हणायला हवं.

आज एक निर्णय घ्यावा लागला. चित्रात इमारत दाखवायची की नाही? मी नोकरीत कायम जागेवर जे असेल तेच नकाशावर दाखवलं. ज्यांनी नसलेलं दाखवलं आणि असलेलं गाळलं, ते निलंबित झाले. म्हणून मी पट्टी घेतली आणि पाच मजले रंगवायला घेतले.

शालन बाहेर आली. "हे काय?"

"इमारत."

"नका ना काढू. ती तर आता जन्मभर दिसणारच आहे."

"पण जागेवर आहे, शालन."

"गडही जागेवरच आहे."

"तो मागे आहे. पुढचं आधी दाखवावं लागतं."

 ती कप उचलून आत गेली. चहा अर्धा तसाच होता. ती चहा कधी टाकत नाही. मला वाईट वाटलं, पण नियम तो नियम. मी पाचव्या मजल्याची गॅलरीसुद्धा काढली, सळयांसकट.

रविवार, १६ फेब्रुवारी

अजब झालं आहे. पाचवा मजला नाही.

मी शुद्धीवर आहे आणि हे शांतपणे लिहितो आहे. गुरुवारी दुपारी मी पाच मजले भिंतीकडे फिरवून गेलो. आज सकाळी चार आहेत. पाचव्याच्या जागी गडाचा पायथा परत आला आहे, झाडीसकट. एवढी झाडी मी काढली होती का, हेही आता आठवत नाही.

अर्थ उघड आहे. वरचा थर खाली बसला आणि खालचा वर आला. तेलाचं प्रमाण चुकलं असावं. आजपासून तक्ता ठेवतो: थर, तेलाचे थेंब, तारीख, किती मजले उरले.

चिंध्याही कमी पडतात. माझे दोन जुने बनियन फाडून ठेवले होते, ते संपले. शालनला विचारलं तर म्हणाली, "पुसायला लागतातच."

पाचवा मजला पुन्हा काढला. तेल कमी घातलं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सरांना तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला.

"म्हणजे मजले उतरतात?"

"हो सर. एका आठवड्यात एक."

"फक्त इमारतीचे? डोंगर नाही उतरत?"

"डोंगर उलट सुधारतो."

सरांनी चष्मा काढला. "शिरसाट, घरात आणखी कोण असतं?"

"मिसेस असतात."

"गुरुवारी दुपारी कुठे असतात?"

"घरीच. मला मंडईला पाठवतात."

सर खिडकीबाहेर बघत बराच वेळ हसले. मग म्हणाले, "तेलाचं प्रमाण बरोबर आहे. बदलू नका." तेलरंगाचा आणि मंडईचा काय संबंध, हे विचारायचं राहिलं.

आजच्या यादीत कमळकाकडी होती. अर्धी मंडई पालथी घातली. शालनने ती कशी करतात हेही माहीत नसल्याचं घरी आल्यावर सांगितलं.

रविवार, २३ फेब्रुवारी

सहावा स्लॅब शुक्रवारी पडला. आता समोर फक्त गडाचा माथा आणि मनोरा उरला आहे. शालन खुर्ची थोडी थोडी डावीकडे सरकवत नेते. आज ती गॅलरीच्या कठड्याला टेकली होती.

चित्राची बातमी वाईट. पहिला तडा गेला. गडाच्या उजव्या उतारावर, पायथ्यापासून माथ्याच्या दिशेने, केसाएवढी पिवळसर रेघ. पाचवा मजला परत नाहीसा झाला आहे, पण आता त्याचं काही वाटत नाही. तडा म्हणजे शेवट. मी नियम पाळले होते. रंग कमी पडले तर पुन्हा देता येतात, तडा गेलेलं चित्र कुठे टांगणार?

जांभळट रंग कालवून रेघ बुजवली. शालन दारात उभी राहून बघत होती. "बुजवलीत?" म्हणाली. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, कळणार नाही." तिने मान हलवली आणि भाजी निवडायला बसली. कोथिंबीर निवडायला तिला अर्धा तास लागला.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

सर म्हणाले, "ओल्या रंगाला तडा? शक्य नाही. सरळ गेलाय की वळणं घेत?"

"वळणं घेत. तीन वळणं. चढावर."

"बुजवलात?"

"हो."

"तो परत येईल," सर म्हणाले. "आला की हात लावू नका. हा माझा हुकूम समजा."

रविवार, २ मार्च

तडा परत आला. त्याच जागी, तीच तीन वळणं. हुकूम आहे म्हणून हात लावला नाही.

शिवाय दुसऱ्या वळणावर एक चिलट चिकटलं आहे. तांबूस अंग, डोक्यावर आडवी काडी. कोरडं होऊ दे, मग सुईने अलगद काढीन. गॅलरीत रंगवलं की हे व्हायचंच.

चित्राच्या कोपऱ्यात सही केली: उ. शिरसाट. थोडी मोठी झाली. ती मात्र कुठे बसली नाही, खाली गेली नाही, जशीच्या तशी आहे.

गुरुवार, ६ मार्च

काल सातवा स्लॅब. मनोरा गेला. गड गेला. गॅलरीतून आता कोणाच्या तरी होणाऱ्या बेडरूमच्या खिडकीचं भोक दिसतं.

सकाळी शालन चहा घेऊन आली आणि खुर्चीत बसली.  पन्नास वर्षांचं काही तरी बोलेल, टोमणा मारेल, असं वाटलं. मारला असता तर बरं झालं असतं. तिने कठड्यापलीकडे बघून सवयीने बोट उचललं आणि मग खाली घेतलं.

चित्र नेता येत नाही, ओलं आहे, म्हणून वर्गात फोनवर सरांना दाखवलं. नव्याने काढलेल्या सहा मजल्यांसकट. सरांनी फोन जवळ धरला, लांब धरला, बोटांनी मोठं करून बघितलं.

"हे आभाळ कोणी काढलं?"

"मीच."

"आणि ही इमारत?"

"मीच."

"दुसरं उत्तर खरं वाटतं," सर म्हणाले आणि फोन परत दिला.

शेजारच्या बाई हसल्या. मला राग आला. घरी येईपर्यंत विचार करत होतो की सर थकलेत, आता त्यांनी वर्ग बंद करावा.

शनिवार, ८ मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी उठलो तर गॅलरीतली खुर्ची फिरवलेली होती. चौदा वर्षं तिचं तोंड बाहेर होतं. आज ते आत होतं, भिंतीशी टेकवलेल्या चित्राकडे. चित्रही सरळ केलेलं. रविवारच्या आधी सरळ करू नये, हे मी शालनला सांगितलं होतं.  मजले मोजले तर सहावा नव्हता. पाचवाही नव्हता.

दहाच्या सुमाराला मुक्ताबाई आल्या. समोरची जमीन त्यांचीच होती. नातवाला नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन आल्या होत्या. मी मोजणीला जायचो तेव्हापासून त्या मला साहेब म्हणतात. शालन चहा टाकायला आत गेली. मी सुई घेऊन बसलो होतो, चिलट काढायला.

"काय करताय वो साहेब?"

"चित्रात चिलट अडकलंय. काढतोय."

त्या वाकल्या. डोळ्यांवर हात धरला. "आवो, चिलट कुठलं? मोळीवाली हाय ती!"

मी थांबलो.

"ही बघा की. डोक्याव मोळी, लाल लुगडं, कासोटा घातलाय. अशाच जायच्या बाया गडाव. आन ही त्यांची वाट. ह्या वळणाव मोठा धोंडा हाय, तिथं टेकायच्या दम खायला. मी पन बसलीय तिथं, पोरगी होते तवा." मग त्या खाली बघू लागल्या. "आन ही बिल्डिंग कशाला काढलीय मधी? आमीच जमीन इकली, आन आमालाच बघवंना."

सुई माझ्या हातात होती. टोक त्या तांबूस ठिपक्यापासून बोटभर लांब. डोक्यावरची आडवी काडी म्हणजे मोळी. तडा नव्हताच. हजारो वेळा, चौदा वर्षं रोज सकाळी तिने बोट दाखवलेली वाट होती, आणि मी ती रंगाने बुजवली होती. तिच्या देखत. वर सांगितलं होतं, काळजी करू नकोस, कळणार नाही.

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

मी मुक्ताबाईंना म्हणालो, "हो. मोळीवालीच आहे." सुई डबीत ठेवली.  पेढा खाल्ला, गोड लागला की नाही ते सांगता येणार नाही.

त्या गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलो. खोटं कशाला लिहू. अडतीस वर्षं मी या बाईला झाकणं उघडून दिली आणि त्या हातांत ब्रश मावतो, हे मला एका वर्गशिक्षकाने आणि एका शेजारणीने सांगावं लागलं. सरांनी सुचवूनही मी चिलट म्हणत होतो. तनुजानेसुद्धा सांगितलं होतं, आणि मी फुलदाणी म्हणालो.

बाहेर आलो तर शालन खुर्चीत बसून चहा पीत होती. माझा कप बाजूला ठेवला होता. तिने माझ्याकडे बघितलं. मी चित्राकडे बघितलं.

"आभाळ छान बसलंय," मी म्हणालो.

"तेलाचा गुण," ती म्हणाली.

रविवार, ९ मार्च

दिवसभर विचार केला. सांगून टाकावं का? मला कळलंय म्हणून? सही खोडून तिची करायला लावावी का?

सही खोडली. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवून हळूच. ती निघताना मोठी गंमत वाटली. एवढ्या सहज निघते, तर मी मजले बसतात म्हणून तक्ता काय ठेवत होतो! तक्ता फाडला.

पण सांगितलं नाही. मी तिला चित्रकला शिकतोय कोण असं विचारलं होतं, आणि तिने त्याचं उत्तर दर गुरुवारी दिलं, एक अक्षर न बोलता. आता मी बोललो की ती ब्रश खाली ठेवील आणि "मी कुठे, तुमचंच आहे," म्हणेल. मला ओळखते तशी मीही तिला थोडी ओळखतो. चित्रात अजून बरंच राहिलं आहे. पायथ्याशी तिचं गाव नाही आलं अजून.

गुरुवार, १३ मार्च

आज होळी. सरांना फोन करून विचारलं, वर्ग आहे का. म्हणाले, "होळी संध्याकाळी पेटते. तुम्ही तीनला या."

जेवण झाल्यावर चित्रासमोर बसलो आणि इमारत पुन्हा काढली. चार मजले होते, त्यावर पाचवा आणि सहावा. अगदी पायथ्यावर, जिथे गाव यायला हवं तिथे. तेल भरपूर घातलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळायचा प्रश्नच नाही. हात हलका ठेवला, पुसताना खालच्या झाडीला धक्का लागू नये. वाटेच्या आणि मोळीवालीच्या आसपासही गेलो नाही.

चित्र भिंतीकडे फिरवलं. माझा तिसरा बनियन फाडून चार चांगल्या चिंध्या केल्या आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवल्या. बारीक ब्रश धुऊन ठेवला.

"मंडईची यादी दे," मी म्हणालो.

शालन जरा दचकली. "आज काही नकोय तसं."

"दे गं. लांबलचक दे. कमळकाकडी लिही."

तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग कागद घेतला आणि लिहायला बसली. मी चप्पल घातली, दारापर्यंत गेलो आणि परत आलो. टर्पेंटाइनच्या बाटलीचं झाकण घट्ट होतं. उघडलं, आणि नुसतं वर टेकवून ठेवलं.